कॉफी केकात कॉफी कुठे आहे?

गेल्या महिन्यात नातीचा वाढदिवस झाला. सतरावा. तिला कॉफीचा केक हवा होता म्हणून एका नावाजलेल्या दुकानातून आणला. वर क्रीमची नक्षी, चॉकलेटच्या बिया, किंमत विचारूच नका! पहिला घास घेतला आणि मी सौ.कडे पाहिलं. तिनं डोळ्यांनीच 'गप्प बसा' म्हणून सांगितलं. त्या दिवशी बसलो. आज बसणार नाही.

मंडळी, त्या केकात कॉफी नव्हती. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन विचारलं. (पस्तीस वर्षं शाळेत काढल्यावर प्रश्न विचारायची लाज उरत नाही.) तिथल्या मुलानं बिचाऱ्यानं इसेन्सची बाटली दाखवली. रंग, कृत्रिम स्वाद, सगळं बारीक अक्षरात छापलेलं. कॉफी फक्त नावात. "आजोबा, सगळीकडे हेच असतं," तो म्हणाला. सगळा वर्ग कॉपी करतो म्हणून मी कधी कुणाला पास केलं नाही!

इन्स्टंट पावडरीवर माझा एवढा राग नाही. ती कॉफीच, आधी काढून मग वाळवलेली. वाळवताना सुगंध बराचसा उडतो इतकंच. पण पाकीट उलटून वाचा. पुष्कळ पाकिटांत चिकोरी असते. आपल्याकडच्या नियमानुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी, म्हणजे उरलेले ४९ टक्के चिकोरी चालते. चिकोरी म्हणजे भाजून दळलेलं एक मूळ. रंग देतं, कडवटपणा देतं, कॉफीचा वास मात्र त्याच्याकडे नाही. तरी तिथे टक्केवारी छापलेली असते. केकच्या खोक्यावर काय असतं? 'कॉफी केक'.

"खरी कॉफी घातली की केक गिच्च होतो आणि चवही लागत नाही," हे माझ्या धाकट्या बहिणीचं लाडकं मत. होणारच! ती कपभर पातळ कॉफी ओतते. वास पाण्यापेक्षा स्निग्ध पदार्थात चांगला उतरतो. आपण फोडणी पाण्यात करतो का? माटुंग्याहून चिकोरीशिवायची कॉफी रव्यासारखी जाडसर दळून आणली. १४० ग्रॅम बटर गरम पाण्यावर वितळवून त्यात चार मोठे चमचे कॉफी वीस मिनिटं ठेवली आणि फडक्यातून गाळली. वीसेक ग्रॅम बटर कॉफीबरोबर जातं, ते धरूनच घ्यायचं. मग बटर पुन्हा थिजू द्यायचं, नाहीतर साखरेबरोबर फेसणार काय? दुधाऐवजी फिल्टरमधलं घट्ट डिकॉक्शन घालायचं. घट्ट करायला ते उकळत मात्र ठेवू नका. वास घरभर जातो आणि पातेल्यात कडूपणा उरतो. बाकी दोन अंडी, मैदा, साखर नेहमीप्रमाणे. चिमूटभर जायफळही घातलं. आपल्या घरांत कॉफीत जायफळ घालायचे, ते केकात का नको?

रविवारी नात आली. मोठ्या ऐटीत तुकडा पुढे केला. तिनं खाल्ला आणि म्हणाली, "आजोबा, थोडा जळका लागतोय का?"

जळका नव्हता. भाजलेल्या बीची चव होती ती. पण तिला काय बोलू? सतरा वर्षं बाटलीतला वास 'कॉफी' म्हणून तिच्यापुढे आम्हीच ठेवला. खऱ्या वस्तूनंच आता आपण खरे असल्याचा पुरावा द्यायचा, अशी पाळी आणली. माझी तक्रार आहे ती ही. पोटाला अपाय होतो की नाही ते डॉक्टर सांगतील. जिभेला शब्दाचा चुकीचा अर्थ शिकवला जातोय, हे मी मास्तर म्हणून सांगतो.

सौ.नं मात्र मला धारेवर धरलं. "अहो, तुम्ही पेन्शनीत आहात. सून सातला घरी येते. तिनं बटर गाळत बसायचं का?" मुद्दा बिनतोड आहे. सुनेनं इन्स्टंट वापरावी, चमचाभर गरम पाण्यात दोन चमचे विरघळवून. मी नाव ठेवणार नाही. पैसे मोजून घेतलेल्या केकाला मात्र ठेवणार. परवा त्या दुकानात पुन्हा जाऊन सांगून आलो, पाटीवर 'कॉफी स्वादाचा केक' लिहा. मुलगा हसला. पाटी अजून तीच आहे, मी जाता-येता बघतो.

पुढच्या रविवारी नात परत येतेय. कॉफी तीनच चमचे घालीन म्हणतो. जायफळावर सौ.ची हरकत आहे, तो वाद अजून चालू आहे.