खांदा दुखला म्हणून पोहणं का सोडायचं?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की आमच्या तामलवाडीकडे पाठीला डबा बांधून विहिरीत उतरणाऱ्या पोरांचा दंगा सुरू होतो. त्यात मुलीही दिसल्या की मला फार बरं वाटतं. पण मुलीचा खांदा दुखायला लागला, की घरातून पहिला सल्ला येतो, 'पोहणं बंद कर.' मुलाला मात्र म्हणतात, 'चोळून घे, बरं होईल.' माझ्या मते दोन्ही सल्ले चुकीचेच.

मैत्रिणींनो, आधी दुखणं समजून घ्या. हात सारखा डोक्यावरून फिरवला की खांद्यातल्या स्नायूंच्या कंडरा हाडाखाली घासतात, सुजतात. बेडकासारखे पाय मारणारीचा गुडघा आतल्या बाजूनं दुखतो. डोकं सतत पाण्याबाहेर धरलं की मान आखडते. अशा वेळी रगडून चोळलं तर सूज वाढू शकते. गोळीनं ठणका थांबतो, पण स्नायूंना बळ येत नाही. ते येतं नेमक्या व्यायामानं, आणि तो शिकवणं हे फिजिओथेरपिस्टचं काम.

तो शोधायचा कुठे? आपलं गाव सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर आहे, हे एक बरं. सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये हाडांच्या डॉक्टरांना दाखवा आणि तिथेच फिजिओथेरपीची चौकशी करा. खासगीत गेलात तर बी.पी.टी. ही पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी आहे का, हे बेधडक विचारा. शेकायचं मशीन लावणारा प्रत्येकजण फिजिओथेरपिस्ट नसतो.

'रोज एसटीनं कोण जाणार?' हा प्रश्न खराच आहे. म्हणून पहिल्याच भेटीत सांगा, 'घरी करायचे व्यायाम दाखवा, कागदावर लिहून द्या, पुन्हा कधी यायचं ते सांगा.' बऱ्याच व्यायामांना भिंत, टॉवेल आणि रबरी पट्टी पुरते. गुण यायला मात्र काही आठवडे लागतात. मध्येच सोडू नका.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. काठावरून सूर मारल्यावर मान दुखली, हातापायांना मुंग्या आल्या किंवा बळ गेलं, तर चोळू नका, मान हलवू नका. लगेच १०८ला फोन करा.

विहिरी-तळ्यांच्या मुलखात पोहता येणं म्हणजे जीव वाचवणारी विद्या. खांद्याच्या दुखण्यापायी ती लेकीच्या हातून जाऊ देऊ नका.