शेणाचे घर कोणाचे?

लहान मुलांच्या गोष्टी निरागस असतात, ही मोठ्यांनी स्वतःची करून घेतलेली समजूत आहे. मराठी घरातली अगदी पहिली गोष्ट घ्या. पाऊस येतो, कावळ्याचे शेणाचे घर वाहून जाते, चिमणीचे मेणाचे घर टिकते. कावळा दाराशी भिजत उभा राहतो आणि चिमणी बाळाच्या अंघोळीपासून तीट लावण्यापर्यंतची कारणे सांगत त्याला ताटकळत ठेवते. तरी ऐकणाऱ्याचे मन चिमणीच्याच बाजूने! का, तर ती इवलीशी, नीटनेटकी. आणि तो काळा. काही घरांत तर शेवटी कावळ्याला तव्याचा चटका बसतो आणि सगळे खूश होतात. (दहाव्याला याच कावळ्याची आपण हात जोडून वाट पाहतो, हा भाग वेगळा.)

भोर तालुक्यातल्या एखाद्या सारवलेल्या घरातल्या मुलीला ही गोष्ट काय सांगते? तिच्या पायाखालची जमीन शेणाची. मेणाचे घर तिने पाहिलेले नाही. सांगणाऱ्यानेही पाहिलेले नसते. वैशाखात ते वितळले कसे नाही, असे तिने विचारले तर बहुधा तिला गप्प बसवले जाईल.

पक्ष्यांत कावळा, जनावरांत कोल्हा आणि माणसांत न्हावी धूर्त, असा निकाल संस्कृत सुभाषितकारांनी केव्हाच देऊन ठेवला आहे. एक पक्षी, एक जनावर आणि माणसांची एक अख्खी जात, एकाच दावणीला! तोच निकाल पुढे गोष्टींत उतरला. राजाच्या कानांचे गुपित ज्याच्या पोटात राहत नाही तो न्हावी, आणि बिरबलाला जिवंतपणी स्वर्गात धाडायचा डाव रचणारा तोही न्हावीच. या गोष्टी वर्गात सांगितल्या जातात तेव्हा तिथे नाभिक घरातले एखादे मूलही बसलेले असते. बाकीची मुले हसत त्याच्याकडे वळून पाहतात, तेव्हा त्याने कुठे पाहावे?

आणि याच तालुक्यात, आंबवड्याला, कान्होजी जेध्यांप्रमाणेच जिवा महालाचीही समाधी आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली सय्यद बंडा शिवाजी महाराजांवर चालून गेला असता त्याला आडवा झालेला हा वीर नाभिक समाजातला. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' हे सर्वांना पाठ असते. पण ते एका कप्प्यात आणि बिरबलाच्या गोष्टीतला न्हावी दुसऱ्या कप्प्यात. दोन्ही कप्पे एकदम उघडायला कोणी सांगत नाही.

मग जुन्या गोष्टी गाळाव्यात? इंग्लंडात २०२३ साली रोआल्ड डालच्या पुस्तकांतले शब्द बदलण्यावरून मोठे वादंग झाले. मला ही कात्री पसंत नाही. चांगले बदल जरूर व्हावेत. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात आई आणि वडील दोघांनाही भाजी निवडायला बसवले, ते योग्यच झाले. पण चित्र बदलल्याने वाचणारा डोळा बदलत नाही. मुलगी कुरूप किंवा अपंग असेल तर हुंडा जास्त मागितला जातो, अशा अर्थाचा मजकूर बारावीच्या समाजशास्त्राच्या पुस्तकात होता. त्यावर २०१७ साली ओरड झाली, पण त्याआधी तो वर्गांतून शिकवला गेलाच होता. पाठ करायचीच सवय लागलेल्या नजरेला असे वाक्य टोचत नाही. बँकेत नव्या माणसाला आम्ही आधी हेच शिकवत असू, की कागदात काय लिहिले आहे ते वाच आणि मग तो कोणी भरला ते बघ. गोष्टीचा कागदही कोणीतरी भरलेलाच असतो.

शाळांच्या सहली आंबवड्याला येतात. गुरुजींनी झुलता पूल आणि नागेश्वराचे देऊळ दाखवून झाल्यावर मुलांना जिवा महालाच्या समाधीपाशी बसवावे आणि बिरबलाची ती गोष्ट तिथेच सांगावी. मग एवढेच विचारावे, की हीच गोष्ट न्हाव्याच्या घरी कशी सांगत असतील?