पीए भेटले म्हणून तपासणी टाळू नका

अमेरिकेत दवाखान्यात डॉक्टरांऐवजी फिजिशियन असिस्टंट, म्हणजे पीए, समोर आले की आपल्यापैकी अनेकांचा चेहरा पडतो. ‘असिस्टंट’ म्हटल्यावर आपल्याला गावाकडचा कंपाउंडर आठवतो! पण हा अभ्यासक्रम १९६५ साली ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी सुरू केला. पहिले विद्यार्थी नौदलात रुग्णसेवा केलेले जवान होते. आज पीए पदव्युत्तर शिक्षण घेऊन येतात, निदान करतात, पन्नासही राज्यांत औषधे लिहून देतात. गुंतागुंत दिसली तर डॉक्टरांचा सल्ला घेतात. तेव्हा रक्तदाबाची, साखरेची तपासणी पुढे ढकलू नका. घरात कोणाला मधुमेह आहे, भारतातून कोणती औषधे, काढे आणले आहेत, सगळे मोकळेपणाने सांगा. ही माहिती नसेल तर पीएच काय, डॉक्टरही नीट उपचार करू शकणार नाहीत.