विश्लेषण : एकाच संगणकात विंडोज आणि लिनक्स… किल्ली कोणाच्या हाती?

विंडोज १० साठीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबले. टीपीएम २.० चिप नाही किंवा प्रोसेसर जुना आहे, एवढ्याच कारणाने अनेक धडधाकट संगणक विंडोज ११ साठी अपात्र ठरले. अशा वेळी विंडोज न काढता शेजारी लिनक्स बसवण्याचा मार्ग अनेक जण धरतात. त्यासाठी हार्ड डिस्कची वाटणी करावी लागते आणि बूट मॅनेजरपाशी गाडी अडते.

वाटणी म्हणजे काय?

डिस्क एकच असली तरी तिचे कप्पे, म्हणजे पार्टिशन, करता येतात. कोणता कप्पा कुठे सुरू होतो नि कुठे संपतो, याची नोंद डिस्कच्या सुरुवातीच्या तक्त्यात असते. जुन्या एमबीआर पद्धतीत हा तक्ता अवघा ६४ बाइटचा. त्यात चारच मुख्य कप्पे मावतात. नव्या जीपीटी पद्धतीत विंडोजवर १२८ कप्पे करता येतात, शिवाय तक्त्याची एक प्रत डिस्कच्या शेवटीही असते. सातबाऱ्यावर खाडाखोड झाली म्हणून जमीन नाहीशी होत नाही, पण मालकाला ती आपली म्हणून दाखवता येत नाही. तक्ता बिघडला की डेटाचेही तसेच होते.

बूट मॅनेजर कुठे असतो?

संगणक सुरू होताच मदरबोर्डवरील यूईएफआय हे सॉफ्टवेअर ‘ईएफआय सिस्टीम पार्टिशन’ नावाचा छोटा कप्पा शोधते. विंडोज तो बहुधा १०० एमबीचा करते आणि नजरेआड ठेवते. विंडोजचा बूट मॅनेजर आणि लिनक्सचा ‘ग्रब’ सहसा याच कप्प्यात, वेगवेगळ्या फोल्डरमध्ये नांदतात. आधी कोणाला सुरू करायचे, हा क्रम मदरबोर्डवर नोंदलेला असतो. अपडेटनंतर ‘लिनक्स गायब झाले’ असे वाटते, तेव्हा अनेकदा ते जागच्या जागी असते, फक्त क्रम बदललेला असतो. म्हणून पुन्हा इन्स्टॉल करण्याची घाई करण्याआधी बायोसमध्ये डोकावलेले बरे. मात्र हा कप्पा निरुपयोगी समजून पुसला, तर दोन्ही प्रणाली सुरू होत नाहीत.

ऑगस्ट २०२४ मध्ये काय घडले?

ग्रबच्या असुरक्षित आवृत्त्या रोखणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने १३ ऑगस्ट २०२४ रोजी आणले. दोन प्रणाली असलेल्या संगणकांना ते लागू होणार नाही, असे कंपनीने म्हटले होते. प्रत्यक्षात काही संगणकांत दुसरी प्रणाली ओळखलीच गेली नाही. तिथे लिनक्सऐवजी सुरक्षा धोरणाचा भंग झाल्याचा संदेश दिसू लागला. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून अनेकांनी वाट काढली. पक्की दुरुस्ती आली ती मे २०२५ मध्ये. त्रुटी बुजवणे आवश्यकच होते, पण त्यासाठी नऊ महिने ताटकळले ते लिनक्स वापरणारे.

पुढे काय?

सिक्युअर बूट सही असलेलेच सॉफ्टवेअर चालू देते. बहुतेक संगणकांत मायक्रोसॉफ्टची प्रमाणपत्रे कारखान्यातच बसवलेली असतात. उबुंटू, फेडोरासारख्या लिनक्सचा ‘शिम’ हा पहिला टप्पाही याच कंपनीच्या सहीने चालतो. यातील २०११ च्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपते. आधी सही झालेले सॉफ्टवेअर सहसा चालत राहील, पण पुढच्या दुरुस्त्यांसाठी २०२३ ची प्रमाणपत्रे लागतील. विंडोज १० वर वाढीव सुरक्षा सेवा न घेणाऱ्यांना ती विंडोज अपडेटमधून मिळणार नाहीत. म्हणजे फटका पुन्हा जुन्याच संगणकांना.

वाटणीआधी काय करावे?

बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्यावा. ‘डी’ ड्राइव्ह बऱ्याचदा त्याच डिस्कवर असतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. विंडोजचा कप्पा शक्यतो विंडोजच्याच ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून लहान करावा. ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे, कारण ते सुरू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्समधून त्या कप्प्यात लिहिल्यास फाइल बिघडू शकतात. बिटलॉकर असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी. बूटची मांडणी बदलल्यावर विंडोज ती मागू शकते आणि ती नसेल, तर मायक्रोसॉफ्टलाही तो डेटा उघडून देता येत नाही.