औषध मोफत, आजार महाग

क्षयरोग आणि एचआयव्हीच्या रुग्णांना औषध मोफत दिले की सरकारची जबाबदारी संपत नाही, ही आमची ठाम भूमिका आहे. क्षयरुग्णांना पोषणासाठी मिळणारी निक्षय पोषण योजनेतील मदत १ नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५०० वरून १,००० रुपये झाली, हे स्वागतार्हच.

पण वर्धा जिल्ह्यातील आष्टीच्या शेतमजुराला सेवाग्रामच्या रुग्णालयात तपासणीसाठी यायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडते. सोबत आलेल्या नातलगाचीही. हा खर्च कुठल्याही बिलात दिसत नाही. त्यापायी गोळ्या मध्येच सुटल्या, तर औषधांना दाद न देणारा क्षय बळावतो. औषधाइतकेच पोषणही महत्त्वाचे आहे: झारखंडमधील ‘रेशन्स’ अभ्यासात पुरेशा पोषणामुळे रुग्णांच्या कुटुंबीयांतील नवा क्षय ३९ टक्क्यांनी घटल्याचे २०२३ मध्ये सिद्ध झाले आहे.

वर्धा जिल्हा प्रशासनाने उपचार सुरू होताच पोषणाचे पैसे खात्यात जमा करावेत आणि दोन्ही आजारांच्या रुग्णांना प्रवासभाडे व बुडालेली मजुरी द्यावी.