बागवानांची मुले कृषी महाविद्यालयात का दिसत नाहीत?

बी.एस्सी. कृषीची मुले भेटली की विषय एमपीएससीचा निघतो, नाहीतर बँकेतल्या कृषी अधिकारी पदाचा. शेवटच्या वर्षी 'रावे'साठी गावात राहून शेतकऱ्याकडून काम शिकायचे असते. तिथेही अनेकांच्या उशाशी चालू घडामोडींची पुस्तके. मी त्यांना दोष देत नाही. घरी कोरडवाहू जमीन असली की पगार हवासा वाटणारच.

मला खुपते ते दुसरेच. आमच्या बागवान मोहल्ल्यातला मुलगा दहावीतच पहाटे मार्केट यार्डात डाळिंब निवडायला बसतो. कोणता माल दोन दिवस टिकेल हे तो हातात घेऊन सांगतो. कृषी महाविद्यालयात मात्र तो क्वचितच दिसतो. प्रवेशात सातबाऱ्यासाठी जादा गुण मिळतात, यार्डातल्या पहाटेसाठी नाहीत. (मिळायला हवेत, असे माझे मत.) घरीही 'भाजीच विकायची तर डिग्री कशाला?' हे ठरलेले. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत काढणीनंतरची हाताळणी आणि पणन शिकवतात. म्हणजे आपला पिढीजात धंदाच की! मुलाने किंवा मुलीने बारावीला सायन्स घेतले असेल, तर 'नीट'च्या क्लासची फी भरण्याआधी सीईटीचा अर्जही भरून ठेवा.