गाडी बाबांची, चालवणार मुलगी



लायसन्स मिळाले तरी किल्ली मिळत नाही, ही तक्रार आमच्या केंद्रात येणाऱ्या कॉलेजच्या मुली वारंवार करतात. भाऊ विचारतही नाही, गाडी काढतो. बहिणीला मात्र घरचे सांगतात, "विमा बाबांच्या नावावर आहे, तू चालवलीस तर तो लागू होणार नाही."

हे खरे नाही. आपल्याकडे विमा गाडीचा असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केलेला त्रयस्थ पक्षाचा विमा घ्या. मालकाच्या संमतीने परवानाधारक मुलगी घरची गाडी चालवत असेल, तरी तो लागू होतो. त्याचा हप्ता ठरतो इंजिनाच्या क्षमतेवर. चालवणारी विशीतली की पन्नाशीतली, बाई की पुरुष, याचा त्यात संबंध नाही. शिकाऊ परवाना असेल तर शेजारी पक्का परवाना असलेले माणूस आणि गाडीवर 'एल'ची पाटी हवी, एवढेच.

खरी मेख वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल घरात कोणी बोलत नाही. पॉलिसीत मालक-चालकासाठी १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते (२०१८ पर्यंत मोटारीला ते २ लाखच होते). पण ते फक्त नोंदणीकृत मालकाला, तेही त्याच्याजवळ परवाना असेल तर. मुलीच्या चुकीने अपघात झाला तर समोरच्याला भरपाई मिळते, पूर्ण विमा असेल तर गाडीही दुरुस्त होते. ती स्वतः जायबंदी झाली तर? सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली निंगम्मा खटल्यात म्हटले, की मागून आणलेले वाहन चालवणारा मालकाच्याच जागी उभा असतो, म्हणून तेव्हाच्या कलम १६३-अ खाली त्याच्या वारसांना त्या वाहनाच्या विमा कंपनीकडे भरपाई मागता येत नाही. म्हणजे मुलगी जबाबदारीपुरती मालक, आणि १५ लाखांच्या वेळी परकी! आपल्याला ही रीत नवीन नाही म्हणा. सातबाऱ्यावर बाईचे नाव चढवण्यासाठी आपण तलाठ्याकडे किती खेटे घातले, ते आठवा.

थोडा जादा हप्ता भरून पॉलिसीत मुलीचे नाव घालून अपघात संरक्षण घेता येते. एजंट आपणहून सांगेलच असे नाही, विचारावे लागते. नाहीतर तिच्या नावे वेगळा वैयक्तिक अपघात विमा घ्यावा. भावाचाही घ्या, त्याचीही गत तीच आहे.

आणि गाडी आईच्या नावावर, पण आईला परवानाच नाही, अशीही घरे आहेत. तिथे ते १५ लाखांचे संरक्षण कोणालाच लागू होत नाही. मग त्याचा हप्ता पावतीत धरला आहे का, तेवढे पाहून घ्या.